तीन वर्षं मी सांगतोय, आईनं ऐकलं नाही. फादरच्या एका शब्दावर प्याली

हळदीचं_पेव | २४ मार्च २०२५, रात्री १०.४०

आधीच सांगतो, आई आता बरी आहे. त्यामुळे ‘काळजी घ्या’चे प्रतिसाद नकोत. मला दुसरंच विचारायचंय.

आम्ही कॅथलिक. मूळचे नगर जिल्ह्यातले, श्रीरामपूरकडचे. वडील रेल्वेत होते, बदली होऊन मिरजेला आले आणि मग आम्ही सांगलीचेच झालो. मी मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे, हळदीच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) लिहितो. आई ७२ वर्षांची, पंधरा वर्षं शुगर. सकाळी उठल्यावर गोळी आणि अर्ध्या तासात नाश्ता, हा डॉक्टरांचा नियम. सोमवार ते शनिवार पाळते. रविवारी मात्र गोळी घेते आणि खात नाही, कारण देवळात ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) घ्यायचा असतो (आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात). शनिवारी रात्री बारानंतर पाण्याशिवाय काही नाही. “आरं, देवाला आपल्यात बोलवायचं आन् आधी भाकर कोंबून बसायचं?” हे तिचं ठरलेलं उत्तर. त्यात आता उपवासकाळ (ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस), म्हणजे शुक्रवारचीही भर.

काल फादरांचा उपदेश चालू होता आणि आई बाकावरून घसरली. अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते. मागच्या बाकावर एक सिस्टर होत्या, दवाखान्यात काम करणाऱ्या. त्यांनी पिशवीतून मीटर काढलं. शुगर ५४. कुणीतरी धावत जाऊन साखरपाणी आणलं आणि आईनं दात घट्ट मिटले. शुद्धीवर होती, बरं का. मान हलवून नको म्हणत होती. मी भर देवळात ओरडलो तिच्यावर. तरी नाही.

फादर वेदीवरून खाली आले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान असतील. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “मावशी, प्या. उपवास मोडत नाही. माझ्या शब्दावर प्या.”

प्याली. पेला रिकामा केला. पुढं ख्रिस्तप्रसादही त्यांनी तिला बाकावर आणून दिला.

आता सांगा. तीन वर्षं मी घसा कोरडा केला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लाल पेनानं लिहून दिलं. तो शब्द आमच्या तोंडी का चालला नाही? हा विश्वास म्हणायचा की झग्याचा धाक? मला राग आलाय आणि तो नेमका कुणाचा, तेच कळत नाही.

तर्कट | २४ मार्च, रात्री ११.०५

धाकच. त्यात काय विचारायचं. उद्या हेच फादर म्हणाले, “गोळी सोडा, प्रार्थना करा”, तर काय करणार आहात?

कृष्णाकाठची_सुमन | २५ मार्च, सकाळी ७.२०

दादा, आमच्या सासूबाईंची एकादशी अशीच. शुगर, बीपी, सगळं असून निर्जळी. मुलगा डॉक्टर आहे हो! त्याचं नाही ऐकलं. शेवटी ज्यांच्या हातून माळ घातली होती ते महाराज घरी आले आणि म्हणाले, नामस्मरण करा, पोटाला खा. त्या दिवसापासून वरईचा भात खातात. तुमच्या रागात मी सहभागी आहे, एवढंच सांगायचं होतं. डबे भरायचेत.

वसईची_मावशी | २५ मार्च, दुपारी २.१५

थोडी माहिती देते. मी बत्तीस वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतले आहेत, तेव्हा लांबण लागलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या आई जो नियम पाळताहेत तो चर्चचा आजचा नियमच नाही. मध्यरात्रीपासून काही न खाण्याची पद्धत होती, अगदी पाणीसुद्धा चालत नसे. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली. १९५७ मध्ये तीन तासांचा उपवास पुरे असं ठरवलं. १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला, आणि तासही ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या वेळेपासून मोजायचा, मिस्सा (देवळातली मुख्य उपासना) सुरू होण्यापासून नाही. शिवाय म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारे, यांना तो एक तासही लागू नाही. औषध आणि पाणी तर कुणालाच वर्ज्य नाही.

उपवासकाळातलं म्हणाल, तर एकवेळ जेवणाचा बंधनकारक उपवास दोनच दिवस: राखेचा बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). तोही १८ पूर्ण झाल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. तुमच्या आई त्यातून केव्हाच सुटल्यात! शुक्रवारी करतात ती त्यांची स्वतःची भक्ती. ती चांगली आहे, पण चर्चची आज्ञा नाही.

आईंचं वय पाहता त्यांचा पहिला ख्रिस्तप्रसाद १९६० च्या सुमारास झाला असणार. तेव्हा नियम बदलला होता, पण घराघरातल्या आया मध्यरात्रच धरून बसल्या होत्या. माझी आईही त्यातलीच.

हळदीचं_पेव | २५ मार्च, रात्री ९.५०

मावशी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “ह्या कोण बाई?” मी म्हटलं, वसईच्या मावशी. “बरं हाय त्यांचं,” म्हणाली आणि जपमाळ घेऊन आत गेली.

म्हणजे माहिती नसणं हा मुद्दाच नव्हता. माहिती मिळाली, तरी ती कुणाकडून आली हे तिनं आधी पाहिलं.

तानपुरा_मिरज | २६ मार्च, सकाळी ११.३०

मी प्रॉटेस्टंट. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात माझे आजोबा कंपाउंडर होते, त्यामुळे औषध आणि प्रार्थना यांचं भांडण आमच्या घरात कधी शिरलंच नाही.

पण मला इथं खटकतं ते वेगळंच. काकूंच्या घरात बायबल आहे ना? शब्बाथ माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नाही, हे मार्काच्या दुसऱ्याच अध्यायात आहे. भुकेल्या शिष्यांनी कणसं मोडून खाल्ली, त्यावरून निघालेली गोष्ट. देवाचा शब्द थेट हातात असताना मध्ये फादरांचा शब्द कशाला? त्यांनी “माझ्या शब्दावर” म्हणावं, हे तर मला फारच जड गेलं.

वसईची_मावशी | २६ मार्च, दुपारी ३.००

भाऊ, हे भांडण पाचशे वर्षांचं आहे, आपण दोघं मिटवणार नाही. आमची बाजू थोडक्यात: “पृथ्वीवर जे बांधशील ते स्वर्गात बांधलं जाईल, जे सोडशील ते सोडलं जाईल” असं प्रभूनं पेत्राला सांगितलं आणि पुढं सगळ्या शिष्यांनाही. उपवासाचे तास हे देवानं सीनाय डोंगरावर दिलेले नाहीत, चर्चनं बांधलेले आहेत. ज्यानं बांधलं त्यानं सोडलं. पण हा अधिकार देवाच्या शब्दाच्या वर बसलेला नाही, त्याचा चाकर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये हे लिहूनच ठेवलंय.

आणि तर्कट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. फादर “गोळी सोडा” म्हणाले असते, तर तो त्यांचा प्रांतच नव्हता. त्यांना सोडता येतो तो उपवास.

तर्कट | २६ मार्च, दुपारी ३.४०

प्रांत कुठं संपतो हे ७२ वर्षांच्या बाईला कोण सांगणार? तेही फादरच ना?

सुभेदार_सातारा | २७ मार्च, पहाटे ५.१०

नमस्कार. मी ख्रिस्ती नाही. अपशिंगे मिलिटरीच्या जवळच्या गावचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: त्या अपशिंग्यानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली, शिळा आहे तिथं. आमच्याकडं पोराला चड्डी नीट सांभाळता यायच्या आधी हुकूम म्हणजे काय ते कळतं. म्हणून चार ओळी.

फौजेत मंदिर परेड असते. सर्वधर्म स्थळात सगळे देव एका छपराखाली. एका पोस्टिंगला आमच्याकडं पाद्री होते, केरळचे. त्यांनी एकदा बायबलमधल्या शताधिपतीची गोष्ट सांगितली. शताधिपती नावाला शंभरांचा, प्रत्यक्षात रोमन तुकडीत ऐंशीच्या आसपास माणसं असायची. म्हणजे आपली एक कंपनीसुद्धा नाही. त्याचा नोकर घरी आजारी. येशू म्हणाले, येतो. हा म्हणाला, साहेब, येऊ नका, माझं घर तुमच्या योग्यतेचं नाही. फक्त शब्द बोला.

इथपर्यंत कुणीही भाविक बोलेल. पुढचं वाक्य फक्त फौजी बोलू शकतो. तो म्हणतो, कारण मीही हुकुमाखालचा माणूस आहे. माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं की जातो.

बघा काय म्हणाला. ‘माझ्याकडं अधिकार आहे’ म्हणाला नाही. ‘मी अधिकाराखाली आहे’ म्हणाला. माझा हुकूम चालतो कारण माझ्यावर हुकूम चालतो. रात्री वायरलेस सेटवर आवाज येतो, “हलू नका”. चाळीस माणसं बर्फात पडून राहतात. बोलणारा दिसत नाही, कारण सांगत नाही. पण तो स्वतःच्या मर्जीनं बोलत नाहीये, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ज्या दिवशी जवानाला वाटतं की साहेब स्वतःच्या मनचं बोलतोय, त्या दिवशी पाय उचलत नाहीत. मी पाहिलंय.

आता तुमच्या मातोश्री. तुम्ही मुलगा, म्हणजे त्यांच्या हुकुमाखालचे. तुमचा हुकूम उलटा वर कसा चढणार? डॉक्टर शरीराचे, आणि उपवास त्यांनी शरीरासाठी धरलाच नव्हता. ज्याच्यासाठी धरला होता त्याच्या बाजूनं निरोप यायला हवा होता. तो ज्याच्या तोंडून आला तो पोरगा स्वतः कुणाच्या तरी हुकुमाखाली आहे, हे त्यांना माहीत होतं. एवढंच.

मिरजकरांशी मात्र मी सहमत. “माझ्या शब्दावर” जरा जास्त झालं. आम्ही सेटवर “वरून आदेश” म्हणतो.

हळदीचं_पेव | २७ मार्च, रात्री ११.३०

सुभेदारसाहेब, दिवसभर पट्ट्या चुकत होतो तुमच्यामुळं.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण त्या शताधिपतीचं वाक्य आम्ही प्रत्येक मिस्सेत म्हणतो. ख्रिस्तप्रसाद घ्यायच्या अगदी आधी, गुडघ्यावर. फक्त ‘माझा नोकर’च्या जागी ‘माझा आत्मा’. मी ४८ वर्षांचा आहे. लहानपणापासून किती हजार वेळा म्हटलं असेल, आणि ते एका फौजी माणसाचं वाक्य आहे हे मला सातारच्या हिंदू सुभेदारानं सांगावं!

आणि आज संध्याकाळी देवळात गेलो होतो, फादरांना विचारलंच. हसले नाहीत. म्हणाले, “घाबरलो होतो. तोंडातून गेलं. चर्च सांगतंय म्हणायला हवं होतं.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण पेत्रानं जाळं टाकलं तेव्हा तोही तेच म्हणाला होता ना, तुझ्या शब्दावरून टाकतो. रात्रभर मासा नव्हता, आणि मासेमारी त्याचा धंदा, येशूचा नव्हे.”

मला माणूस आवडला.

घाटाखालचा_जॉनी | २८ मार्च, दुपारी १२.१०

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. मीही कॅथलिकच. ज्या गावात आधी राहायचो तिथं देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी निघाली. आम्ही हिशेब मागितला. उत्तर आलं, “देवाच्या कामात संशय घेऊ नये, आज्ञापालन शिका.” वर्षभर तेच. मी मिस्सेला जाणं सोडलं. दोन वर्षं गेलो नाही. तेव्हा ‘हुकुमाखालचा माणूस’ ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

सुभेदार_सातारा | २८ मार्च, दुपारी १२.४५

फौजेतही मेसचा हिशेब तपासला जातो, साहेब. हिशेब मागणं म्हणजे बंड नव्हे. जो हुकूम सांगणाऱ्याच्याच खिशात जाऊन संपतो, तो हुकूम नसतो.

वसईची_मावशी | २८ मार्च, दुपारी ४.३०

जॉनी, तुमचं म्हणणं अगदी बरोबर आणि चर्चचा कायदाही तुमच्याच बाजूला आहे. १९८३ च्या कायदेसंहितेत कलम ५३७ म्हणतं की प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती हवीच, ऐच्छिक नाही. कलम १२८७ म्हणतं की भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा. आणि कलम २१२ नुसार आपलं मत धर्मगुरूंना कळवणं हा तुमचा हक्क आहे, कधी कधी तर कर्तव्य. तेव्हा तुम्हाला ‘आज्ञापालन शिका’ म्हणणाऱ्यांनी स्वतः आज्ञा मोडली होती. हे कागदावर लिहून, सह्या घेऊन बिशपांकडे पाठवायचं असतं.

पण मिस्सा सोडलीत त्याचं वाईट वाटलं. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत हाच वाद पेटला होता. डोनाटस पंथाचे लोक म्हणायचे, छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्मगुरूंनी दिलेले संस्कार खोटे. संत ऑगस्टीन म्हणाले, बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याचा नव्हे. पाणी दगडी पन्हळीतून आलं तरी बागेत पोचतं.

घाटाखालचा_जॉनी | २८ मार्च, रात्री ८.००

मावशी, पन्हळ गळत असेल तर पाणी बागेत पोचत नाही, शेजाऱ्याच्या भिंतीत मुरतं. पण कलमांचे आकडे लिहून घेतलेत.

तर्कट | २९ मार्च, सकाळी ९.१५

मूळ धागाकर्त्याला एक प्रश्न. आईचं झालं, फादरांचं झालं, रोमन सुभेदाराचं झालं. तुम्ही स्वतः कधी देवाचा म्हणून एखादा शब्द मानलात का? पदरचं नुकसान सोसून? साखरपाणी पिण्यात नुकसान काहीच नसतं.

हळदीचं_पेव | ३० मार्च, रात्री १०.१५

उत्तर द्यायला एक दिवस घेतला, कारण सांगावं की नाही कळत नव्हतं.

ऑगस्ट २०१९. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. २००५ च्या पुरात हरिपूरची हळदीची पेवं (जमिनीखालची कोठारं) बुडाली तेव्हापासून व्यापाऱ्यांनी माल गोदामात ठेवायला घेतला होता, पण नदीकडचं गोदाम म्हणजे आगीतून फुफाट्यात. तेव्हा मी ज्या दुकानात होतो तिथली बरीच पोती भिजली. पाणी ओसरल्यावर गच्चीवर वाळवली. वाळलेली भिजकी हळद रंगानं मंद पडते, कुबट वास राहतो, पण चांगल्यात मिसळली तर पटकन कळत नाही. शेठ म्हणाले, जुना माल म्हणून लिही.

मी ‘भिजका’ लिहिलं.

शेठ तेव्हा काही बोलले नाहीत. दिवाळीला सगळ्यांना पाकीट आलं, मला नाही. लिहायचं काम त्यांच्या पुतण्याकडं गेलं आणि मी दोन वर्षं तोलाईच्या काट्याशेजारी उभा राहिलो, हमालांबरोबर. मग दुकान बदललं.

आता तर्कटभाऊ, ‘देवाच्या शब्दावर’ केलं असं लिहिलं तर मी इथंच खोटं लिहीन. देव त्या वेळी डोक्यात नव्हता. आई होती. वडील गेल्यापासून ती रोज जेवताना विचारते, “आज काय लिहिलंस?” तिला अक्षर जेमतेम येतं. पण ‘खोटा तराजू परमेश्वराला वीट आणतो’ हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वाक्य तिनं मला अडीचकीच्या पाढ्याबरोबर पाठ करून घेतलं होतं. तिच्यासमोर ताटावर बसून काय सांगणार होतो? म्हणजे माझ्या घरातली वायरलेस तीच. धाक म्हणा हवं तर.

आणि हो, आज रविवार. सकाळी साडेसहाला तिनं अर्धी चपाती आणि चहा घेतला. खाताना दाराकडं पाठ करून बसली होती, कुणी बघेल म्हणून.

कृष्णाकाठची_सुमन | ३० मार्च, रात्री १०.४०

सासूबाईही वरईचा भात अशाच खातात!

तर्कट | ३० मार्च, रात्री ११.००

‘भिजका’ लिहिल्याबद्दल सलाम. बाकी मी माझ्या जागेवरच आहे.

हळदीचं_पेव | २२ एप्रिल, सकाळी ९.३०

धागा वर काढतोय, माफ करा.

परवा पास्काच्या (ईस्टरच्या) रविवारी दुपारी आईला मोबाइलवर रोमचं प्रक्षेपण लावून दिलं. पोप फ्रान्सिस व्हीलचेअरवर सज्जात आले. आवाज फुटत नव्हता, हात वर जात नव्हता. आई डोळे बारीक करून बघत राहिली. आशीर्वाद झाला, क्रूस केला आणि म्हणाली, “ह्यांनी सकाळी काय खाल्लं आसंल का रं?” मी म्हटलं, खाल्लं असेल, आजारी माणसाला चालतं. “कुणीतरी सांगाया पायजे त्यास्नी,” म्हणाली.

काल दुपारी ते गेल्याची बातमी आली. संध्याकाळभर जपमाळ घेऊन बसली होती. मला वाटलं, आता ही जेवत नाही. पण रात्री ताटावर येऊन बसली, गोळी घेतली, भाकरी मोडली आणि म्हणाली, “सकाळी त्येंच्यासाठी मिस्सा हाय. मला साडेपाचला उठव, आधी चपाती टाकाया येळ लागतो.”